मनूचा मत्स्य आणि कांचेची टाकी

मासा पाळणाऱ्या मनुष्याची आपल्या वाङ्मयांतील अत्यंत जुनी कथा शतपथब्राह्मणांत आहे. प्रलयाची कथा म्हणून ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्रलय हा तिचा उत्तरार्ध होय. पूर्वार्धांत प्रश्न आहे तो एका माशाचा आणि त्याला लागणाऱ्या भांड्याचा. सकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांतून एक लहानसा मासा मनूच्या हातीं आला व आपलें पालन करण्याविषयीं विनवूं लागला. पालन कसें करावें हेंहि त्यानेंच सांगितलें. मासाच माशाला गिळतो, म्हणून लहानपणीं आपणांस भय आहे. तेव्हां प्रथम घड्यांत ठेवावें, घडा अपुरा पडला म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेवावें, आणि खड्डाहि अपुरा पडला म्हणजे समुद्रांत नेऊन सोडावें, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ आहे.

महाभारताच्या वनपर्वांत हीच कथा पुन्हां येते, तेव्हां तींत मापेंहि आलीं आहेत. घड्यांत मावेनासा झालेला मासा मनूनें एका वापींत नेऊन सोडला. ती वापी दोन योजनें लांब व एक योजन रुंद होती. तरीहि कालांतरानें माशाला तींत हालतां येईना. मग मनूनें त्याला गंगेंत नेलें, आणि गंगाहि अपुरी पडली तेव्हां समुद्रांत. कवीच्या योजनांचा हिशेब कोणी शब्दशः धरणार नाहीं. तथापि कथाकारांच्या मनांत एक गोष्ट स्पष्ट होती, ती अशी कीं मासा भांड्याच्या मापाचा होत नसतो, भांडें माशाच्या मापाचें करावें लागतें, आणि तें करण्याचा भार ज्यानें मासा हातीं घेतला त्याच्यावर असतो.

याच कथेंतील 'मासा माशाला गिळतो' ही कल्पना पुढें राजनीतींत गेली. कौटिल्यानें दंडाचें प्रयोजन सांगतांना मात्स्यन्यायाचा दाखला दिला आणि तेव्हांपासून हा न्याय राजा व प्रजा यांच्या संबंधांतच आपण ऐकत आलों. त्यामुळें मूळ कथेंतील पालनाचा भाग मागें पडला. अलीकडे मोठे शिकारी मासे घरांत पाळण्याची हौस शहरांतून तालुक्याच्या गांवांपर्यंत आली आहे. नागपूर-अमरावती रस्त्यावरील कारंजा (घाडगे) यासारख्या गांवींहि ती हौस करूं पाहणाऱ्यास आतां मासा मिळणें अवघड राहिलेलें नाहीं. अशा वेळीं हा मागें पडलेला भाग पुन्हां वाचणें उपयुक्त होईल असें वाटतें. मोठ्या माशाला मनुष्यानें वेळोवेळीं किती पाणी दिलें, याचा इतिहास मनोरंजक आहे आणि बोधप्रदहि आहे.

शिकारी मासे हौसेखातर पाळण्याचें जुन्या जगांतील ठळक उदाहरण रोमचें आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांत तेथील श्रीमंत सरदारांस समुद्रकांठच्या वाड्यांतून खाऱ्या पाण्याचे हौद बांधण्याचें वेड लागलें होतें. त्यांत ते विशेषेंकरून मुरेना नांवाचा, वामेसारखा लांब व तीक्ष्ण दांतांचा मांसाहारी मासा पाळीत. हॉर्टेन्सियस या प्रसिद्ध वक्त्यानें आपली एक मुरेना मेली तेव्हां अश्रु ढाळले, असें प्लिनीनें लिहिलें आहे. लुकुल्लस यानें तर नेपल्सजवळ आपल्या हौदांत समुद्राचें पाणी खेळावें म्हणून डोंगर फोडून कालवा आणला. त्याला वाड्याहूनहि अधिक खर्च आला, आणि अथॉसची भूमि खोदून जहाजांसाठीं मार्ग काढणाऱ्या इराणच्या झर्क्सिसाशीं त्याची तुलना करून लोकांनीं त्याची थट्टा केली. थट्टेचा भाग सोडला तर लुकुल्लसनें एक गोष्ट ओळखली होती. साचलेल्या पाण्यांत मोठा मांसाहारी मासा टिकत नाहीं. त्याला भरतीओहोटीबरोबर बदलणारें पाणी पाहिजे. त्यानें माशाला आपल्या दिवाणखान्यांत आणलें नाहीं, समुद्र माशापर्यंत आणला.

या हौसेची काळी बाजूहि रोमच्याच इतिहासांत नमूद आहे. वेडियस पोलियो नांवाच्या धनिकाकडे सम्राट् ऑगस्टस भोजनास आला असतां एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. वेडियसनें त्याला मुरेनांच्या हौदांत फेकण्याची आज्ञा केली. गुलामानें सम्राटाचे पाय धरले. मरण टळावें अशी त्याची मागणी नव्हती, माशांच्या तोंडीं जाऊन मरूं नये एवढीच होती. ऑगस्टसनें त्याला सोडविलें, घरांतील सारे स्फटिकाचे पेले आपल्यासमोर फोडविले आणि तो हौद बुजवून टाकण्यास लाविलें. क्रौर्य शिकविण्याचा दोष माशांकडे येत नाहीं. तीं आपल्या स्वभावानें वागत होतीं. परंतु दुसऱ्या जीवाचा हिंस्रपणा हा आपल्या सामर्थ्याचा अलंकार म्हणून मिरविण्याची जी वृत्ति वेडियसमध्यें होती, ती त्याच्याबरोबर संपली असें म्हणतां येत नाहीं. जिवंत मासे गिळतांनाचा देखावा पाहुण्यांस दाखविण्यासाठीं मासा विकत घेणाऱ्याच्या मनांत तिचा अंश असतोच.

आतां आपल्या देशाकडे वळूं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें इ. स. ११३० च्या सुमारास रचलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठी अभ्यासकांस परिचित आहे. त्यांतील दशावतारांच्या स्तुतिपर पदांत जुन्या मराठीचे नमुने सांपडतात, आणि त्या पदांत मत्स्यावताराचेंहि वर्णन आहे. हें कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण होय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं हा ग्रंथ संपादिला. त्याचा पहिला भाग १९२५ सालीं निघाला. त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें 'मत्स्यविनोद' असा एक स्वतंत्र अध्याय आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्याचें विवेचन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याचें महत्त्व शास्त्रज्ञांच्या ध्यानीं आलें.

या अध्यायाचा विषय गळानें मासे धरण्याचा आहे. पण त्यासाठीं राजानें प्रथम माशांची ओळख करून दिली आहे. समुद्रांतील मासे वेगळे व नद्यांतील वेगळे, खवल्यांचे वेगळे व नुसत्या कातडीचे वेगळे, मोठे, मध्यम व लहान वेगळे, अशी त्याची मांडणी आहे. कोणत्या माशाला कोणतें खाणें द्यावें हेंहि तो सांगतो. म्हणजे जात, राहण्याचें पाणी, पूर्ण वाढ व आहार हे चार प्रश्न आठशें-नऊशें वर्षांपूर्वीच्या एका राजानें क्रमानें विचारले आहेत. मासा निवडणाऱ्या आजच्या मनुष्यानें हेच चार प्रश्न दुकानदाराला विचारले तर पुढील पुष्कळसा अनर्थ टळेल. दुर्दैवानें तो बहुधा पांचवाच प्रश्न विचारतो, तो किंमतीचा.

राजवाड्यांहूनहि अधिक काळ मोठे मासे सांभाळले ते देवस्थानांनीं. महाडजवळचा वाळणकोंड आणि वैतरणेवरील तिळसें येथें नदीच्या डोहांत महशीर जातीचे मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत. त्यांना कोणी मारीत नाहीं. भाविक त्यांना खाणें घालतात. महशीर हा केवळ शिकारी मासा नव्हे, तो फळें व शेवाळहि खातो. पण तो मोठा होतो आणि त्याला वाहतें पाणी लागतें. येथें पालन आहे, दर्शन आहे, मुलांचा आनंदहि आहे, आणि भांडें मात्र मुळींच नाहीं. नदीच्या पाण्याला भक्तीनें कुंपण घातलें एवढेंच. मनूच्या कथेचा खरा वारसा या डोहांनीं चालविला असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

या साऱ्या परंपरेंत खंड पडला तो एकोणिसाव्या शतकांत कांचेमुळें. १८५० सालीं लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें बारा गॅलन पाण्याच्या एका भांड्यांत दोन लहान सोनेरी मासे, एक पाणवनस्पति व कांहीं गोगलगाई ठेवून असें दाखविलें कीं, पाणी न बदलतांहि हा लहानसा संसार चालूं शकतो. वनस्पति प्राणवायु देते, गोगलगाय कुजकें खाते, मासे जगतात. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांचें कांचघर उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं गॉस याच्या पुस्तकानें 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला. मासा आतां वरून पाहावयाची वस्तु न राहतां बाजूनें, डोळ्यांस डोळा भिडवून पाहतां येऊं लागला. ही मोठीच क्रांति होती. जलचरांविषयींचें ज्ञान तिनें पुष्कळ वाढविलें.

परंतु वॉरिंग्टनचा समतोल दोन लहान माशांचा होता हें लोक विसरले. मोठ्या मांसाहारी माशास तो लागू पडत नाहीं. तसा मासा कांचेंत ठेवला म्हणजे काय होतें, हें जर्मन प्राणिशास्त्रज्ञ मोबियस यानें १८७३ सालीं वर्णिलेल्या एका प्रयोगावरून दिसतें. पाईक नांवाचा युरोपांतील शिकारी मासा एका टाकींत ठेवून मध्यें कांचेचा पडदा घातला व पलीकडे लहान मासे सोडले. पाईक त्यांच्यावर धांवून जाई व कांचेवर आपटून कधीं कधीं बेशुद्ध होई. असें तीन महिने चाललें. मग त्यानें तो नाद सोडला. नंतर पडदा काढला तरी त्या माशांस त्यानें स्पर्श केला नाहीं, मात्र नवे मासे सोडले ते खाल्ले. डार्विननें आपल्या ग्रंथांत हा प्रयोग प्राण्यांच्या बुद्धीचा पुरावा म्हणून घेतला आहे. शास्त्रज्ञांचें लक्ष त्या माशाच्या शिकण्याकडे गेलें तें योग्यच झालें. मासे पाळणाऱ्यानें मात्र त्या तीन महिन्यांकडे पाहावें. कांच ही भिंत आहे हें शिकारी माशाला डोकें आपटूनच कळतें. आणि टाकी जितकी अरुंद, तितकें तें आपटणें अधिक.

हिंदुस्थानांत मद्रास येथें १९०९ सालीं सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. मुंबईंत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें. अशा संस्थांच्या हौदांमागें पाणी खेळविणारीं यंत्रें, गाळण्याची सोय व देखरेख करणारे लोक असतात. प्रेक्षकाला समोर दिसते ती फक्त कांच व तिच्यामागचा रुबाबदार मासा. घरीं येतांना तो त्या दोनच वस्तूंची इच्छा घेऊन येतो; मागचें सारें तेथेंच राहतें.

आज या हौसेसाठीं जे मासे मागविले जातात ते बहुतेक परदेशचे आहेत. दक्षिण अमेरिकेंतील ऑस्कर, रुपेरी अरोवाना व रेडटेल कॅटफिश, आणि उत्तर अमेरिकेंतील ॲलिगेटर गार हीं नांवें वारंवार ऐकूं येतात. विकत घेतांना यांतील बहुतेक बोटाएवढे असतात. पूर्ण वाढीस ऑस्कर सुमारें एक फूट होतो, अरोवाना सुमारें तीन फूट, रेडटेल कॅटफिश चार फूट किंवा त्याहूनहि अधिक, आणि गार सहा फुटांच्या पुढें जाऊं शकतो. तीन इंचांचा मासा चार फूट झाला म्हणजे लांबी सोळा पट झाली. परंतु वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें, म्हणजे सुमारें चार हजार पट होतें. त्याचें खाणें आणि त्याच्या देहांतून पाण्यांत पडणारा मळ याच बेतानें वाढतो. मनूला घड्यावरून एकदम वापीकडे कां जावें लागलें, तें या गणितावरून ध्यानांत येईल.

तेव्हां टाकीचें माप कसें धरावें? माशाला वळतां आलें पाहिजे, म्हणून टाकीची रुंदी पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीहून कमी असूं नये. आणि लांबी निदान तिच्या तिप्पट असावी. हा अगदीं किमान हिशेब झाला. एक घनफूट जागेंत सुमारें २८.३ लिटर पाणी राहतें आणि एक लिटर पाण्याचें वजन एक किलो असतें. ऑस्कर अंगानें जाड व पाणी फार घाण करणारा. त्या एकट्याला ४ फूट लांब, २ फूट रुंद व दीड फूट खोल टाकी द्यावी. तींत सुमारें ३४० लिटर पाणी मावतें. लांबी-रुंदीचें हें प्रमाण महाभारतांतील वापीचेंच आहे, हा एक गमतीचा योग. अरोवानाला ९ फूट लांब व ३ फूट रुंद आणि खोल टाकी धरली तर पाण्याचेंच वजन सव्वादोन टनांच्या वर जातें. शिवाय तो उडी मारणारा मासा असल्यामुळें वर भक्कम झांकण लागतें. रेडटेल कॅटफिशसाठीं १२ फूट लांब, ४ फूट रुंद व ४ फूट खोल टाकी घेतली तर पाणी सुमारें साडेपांच टन भरतें. दहा बाय बाराच्या खोलीची एक सबंध भिंत आणि दोन पंचमांश जमीन ती अडवील. आणि एवढें करूनहि माशाला केवळ वळतां येईल. गारचा हिशेब मांडण्याचें कारणच उरत नाहीं.

पाणी नुसतें भरून भागत नाहीं. माशाच्या मळांतून अमोनिया होतो आणि तो विषारी आहे. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें रूपांतर प्रथम नायट्राइटांत व मग नायट्रेटांत करतात. टाकीचा गाळणा म्हणजे वस्तुतः या जंतूंचें घर होय. वाहत्या पाण्यांतून मिळणाऱ्या प्राणवायूवर ते जगतात. वीज कांहीं तास गेली कीं गाळणा थांबतो व ते मरूं लागतात. त्यांत विदर्भाचा उन्हाळा. २५ अंश उष्णतेच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. ३५ अंशांस तो ७ च्या आसपास येतो, आणि त्याच वेळीं उष्णतेनें माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या आपल्या भागांत लहान टाकी ही माशाला उकळत्या भांड्यासारखीच होते. पाण्याचा सांठा जितका मोठा, तितका तो सावकाश तापतो. म्हणून येथें टाकीचें मोठेपण ही चैन नसून जीवनाची अट आहे.

'मासा टाकीएवढाच वाढतो' असें एक समाधान या बाबतींत ऐकविलें जातें. त्यांत सत्याचा अंश आहे, पण तो सुखाचा नाहीं. घाणेरड्या व अपुऱ्या पाण्यांत माशाची वाढ खुंटते हें खरें. परंतु ती खुंटणें ही त्यानें मान्य केलेली तडजोड नव्हे, तें दुखणें आहे. त्याचा कणा वांकतो, आयुष्य घटतें. उपासमारीनें खुजें राहिलेलें मूल लहान घराला सोयीचें आहे, असें कोणी म्हणणार नाहीं.

आणि मासा वाढलाच तर? येथें मनूच्या कथेचा सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. मनूनें माशाला समुद्रांत नेलें, कारण तो मासा तेथला होता. आजचा गृहस्थ वाढलेला मासा जवळच्या नदींत किंवा तलावांत सोडतो आणि आपण जीवदान दिलें असें समजतो. २०२३ सालीं श्रीनगरच्या दल सरोवरांत आणि भोपाळच्या तलावांत ॲलिगेटर गार सांपडला. उत्तर अमेरिकेंतील हा मासा तेथें आपल्या पायांनीं गेला नव्हता. थाई मांगूर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी माशाच्या पालनावर २००० सालींच केंद्र सरकारनें बंदी घातली, ती याच भयानें कीं तो बाहेर पडला तर येथील मासे खाऊन टाकील. कारंजा तालुक्यांतील कार नदीचें पाणी वर्धेंत जातें, वर्धेचें प्राणहितेंत आणि प्राणहितेचें गोदावरींत. म्हणजे एका दिवाणखान्यांतील टाकी येथें रिकामी केली तर तिचा परिणाम येथेंच थांबेल असें नाहीं. त्या पाण्यावर मरळ, शिंगाडा, वाम हे आपले मासे जगतात आणि त्यांच्यावर ढिवर व भोई समाजाचीं घरें चालतात. त्यांच्या ताटांतील घांस आपल्या हौसेनें दुसऱ्याच्या जबड्यांत घालण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

म्हणून निवड टाकीपासून न करतां शेवटापासून करावी. हा मासा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होईल, किती वर्षें जगेल, काय खाईल, आणि आपणांस त्याचें पालन करणें अशक्य झालें तर तो कोठें जाईल, यांचीं उत्तरें हातीं आल्यावांचून पैसे देऊं नयेत. ज्याच्या घरीं चार फुटांची टाकी मावते त्यानें एक ऑस्कर पाळावा व मनापासून पाळावा. तो पुष्कळ वर्षें जगतो, माणसें ओळखतो आणि पाहणाऱ्यास निराश करीत नाहीं. मोठ्या शिकारी माशाचा खरा रुबाब पाहावयाचा असेल तर त्यासाठीं विदर्भांत कांचेची गरज नाहीं. पूर्वेकडील कोहळी लोकांनीं बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत, जवळ बोर धरणाचा जलाशय आहे. शांत सकाळीं कांठावर बसलें तर हवा घेण्यासाठीं वर आलेली मरळ दिसते. पाण्यांतील प्राणवायु कमी पडला तरी वरची हवा घेऊन जगण्याची शक्ति निसर्गानें तिला दिली आहे. पिलांचा तांबूस थवा पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत असतो आणि त्याखालीं आईबाप पहारा करीत असतात. मासा माशाला गिळतो हें त्या कथेंत सांगितलें तितकेंच खरें; पण मासा माशाला राखतो हेंहि तेथें पाहावयास मिळतें.

मनूनें त्या लहानशा माशाला राखलें आणि पुढें त्या माशानें मनूची नौका ओढून नेली. रक्षण करणाराच रक्षिला जातो, असा त्या कथेचा अर्थ आजवर सांगण्यांत आला. आपल्या नद्यांच्या बाबतींत तो अक्षरशः खरा आहे. ज्या पाण्यांत आपले मासे सुखानें राहतात, तेंच पाणी आपणांसहि प्यावयाचें आहे.